पोर्शे ९११ : एका उलाळ गाडीची साठ वर्षे

घाटवाट

बैलगाडीत मागच्या अंगाला ओझे जास्त झाले की दांडी वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवर टेकेनासे होते. अशा गाडीला आपल्याकडे उलाळ गाडी म्हणतात. मोटारींच्या जगात अशीच एक उलाळ गाडी साठ वर्षांहून अधिक काळ विकली जात आहे, आणि जगातल्या सर्वांत नावाजलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये तिची गणना होते. ती म्हणजे पोर्शे ९११.

१९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने मांडली गेली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितल्यामुळे पुढच्याच वर्षी त्या शून्याचा एक झाला. इंजिन २ लीटरचे, सहा सिलिंडर आडवे निजवलेले, हवेने थंड होणारे, १३० अश्वशक्तीचे; गाडीचे वजन सुमारे १,०८० किलो. २०२४ मध्ये आलेल्या हायब्रिड ९११ जीटीएसची एकत्रित ताकद ५४१ अश्वशक्ती आहे. ९११ वरच्या बहुतेक लेखांत १३० पासून ५४१ पर्यंतची ही शिडी पायरीपायरीने चढून दाखवलेली असते. माझा आक्षेप त्यालाच आहे. ताकद सगळ्याच गाड्यांची वाढली. ९११ चे वेगळेपण असे की तिचे इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेले आहे, आणि तिच्यात पिढ्यानपिढ्या जे तंत्रज्ञान आले त्यातले बरेचसे या टांगलेल्या ओझ्याला ताळ्यावर ठेवण्यासाठी आले.

ज्यांनी अशी गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. गाडी वेगात वळणात शिरली आहे, वेग जरा जास्त झाला असे वाटून चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर गाडीचा भार पुढच्या चाकांकडे सरकतो आणि मागच्या टायरांची पकड कमी होते. कोणत्याही गाडीत हे होतेच. पण जिच्या शेपटाला इंजिन आणि क्लच लटकलेले आहेत तिथे ते वजन लंबकासारखे बाहेरच्या बाजूला झोका घेते, आणि एकदा निघालेला झोका आवरणे कठीण असते. म्हणजे घाबरलेला माणूस जी गोष्ट आपसूक करतो, तीच या गाडीत सर्वांत घातक ठरत असे. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की चालवणाऱ्या चाकांवर मुळातच भरपूर वजन असल्यामुळे ९११ इतरांपेक्षा आधी पळू लागते, आणि जोरात ब्रेक लावल्यावरही मागची चाके रस्ता सोडत नाहीत. हे फायदे हवे होते, म्हणूनच तोटे सोसले गेले.

पहिल्या काही वर्षांतले उपाय तर अगदी गावठी म्हणावेत असे होते. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत प्रत्येकी ११ किलोची बिडाची वजने बसवलेली असत. उलाळ गाडीच्या दांडीवर माणूस बसवावा, तसाच हा प्रकार. १९६८ मध्ये जरा शहाणा उपाय सापडला. इंजिन जागच्या जागी ठेवून मागची चाके ५७ मिलीमीटर मागे नेली, त्यामुळे व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर, २,२११ वरून २,२६८ मिलीमीटर झाला आणि शेपटाची लांबी तेवढी घटली. त्याच वेळी एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन मडगार्डांजवळ गेल्या, आणि इंजिनाचे क्रँककेस, म्हणजे मुख्य कवच, ॲल्युमिनिअमऐवजी मॅग्नेशिअमचे झाले, कारण मागचा प्रत्येक किलो मोजून कमी करायचा होता.

१९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ वर बदकाच्या शेपटीसारखा जो स्पॉयलर आला, तो आज पोस्टरवरची शोभा झाला असला तरी त्याचे काम वेगात हलके होणारे शेपूट खाली दाबण्याचे होते. याच गाडीत पोर्शेने मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद बसवली, पुढे ६ इंच आणि मागे ७ इंच. स्पर्धेच्या नियमांसाठी ५०० गाड्या विकल्या जाणे आवश्यक होते. प्रत्यक्षात १,५८० बनल्या.

पुढच्या पिढ्यांबद्दल सवडीने लिहितो. ज्यांनी या गाड्यांवर हात काळे केले आहेत त्यांनी भर घालावी.

जुना_फिटर

घाटवाट यांनी मॅग्नेशिअमचा उल्लेख केला आहे, पण त्याची किंमत सांगितलेली नाही. २ लीटरच्या इंजिनाला ते क्रँककेस व्यवस्थित पुरले. इंजिन २.७ लीटरचे झाले, उष्णता वाढली, आणि अमेरिकेच्या धुराच्या नियमांसाठी एक्झॉस्टमध्ये थर्मल रिॲक्टर (उरलेला धूर जाळणारे कप्पे) बसवल्यावर ती आणखी वाढली. मग मॅग्नेशिअम वाकू लागले आणि हेड धरून ठेवणारे स्टड आट्यांसकट उपटून येऊ लागले. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेल्या आणि तीन लीटरच्या इंजिनांसाठी पोर्शेला परत ॲल्युमिनिअमकडे यावे लागले. मागचे वजन कमी करण्याच्या नादात इंजिनाचे आयुष्य कमी झाले, असा हा व्यवहार होता.

ऑइलच्या टाकीची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. या इंजिनाचे ऑइल खाली चेंबरमध्ये न राहता वेगळ्या टाकीत असते. १९७२ च्या मॉडेलमध्ये ही टाकी मागच्या चाकाच्या मागून उचलून पुढे आणली, हेतू पुन्हा तोच, शेपटाचे वजन कमी करण्याचा. टाकी पुढे आल्यामुळे ऑइल भरण्याचे झाकण उजव्या बाजूला दाराच्या मागे बाहेरून दिले गेले. पेट्रोलपंपावरच्या माणसाने ते पेट्रोलचे झाकण समजून त्यात पेट्रोल ओतावे, असे प्रकार घडू लागले आणि एका वर्षातच टाकी पुन्हा मागे गेली. उत्तम अभियांत्रिकी एका झाकणापायी मागे घ्यावी लागल्याचे असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

माझा स्वतःचा अनुभव १९८० च्या दशकातल्या ३.२ कॅरेराचा आहे. मुंबईतल्या ज्या गॅरेजात मी शिकलो तिथे अशी एक गाडी येत असे. पहिल्यांदा मला ऑइल बघायला सांगितले तेव्हा मी इतर गाड्यांसारखे बंद, थंड इंजिनावर काडी काढून पाहिली. काडी कोरडी होती, म्हणून लीटरभर ऑइल ओतले, तरीही काडी कोरडीच, म्हणून आणखी ओतले. इंजिन सुरू केल्यावर मागून असा पांढरा धूर निघाला की गल्लीतले लोक पाहायला आले. हवेने थंड होणाऱ्या ९११ चे ऑइल इंजिन पूर्ण तापलेले, गाडी सपाट जागेवर उभी आणि इंजिन आयडलवर चालू असतानाच बघायचे असते, कारण इंजिन बंद झाले की टाकीतले ऑइल हळूहळू खाली इंजिनात उतरते. उस्तादांनी त्या दिवशी मला एकही शब्द ऐकवला नाही. फक्त जास्तीचे ऑइल उपसायला लावले आणि तेच ऑइल दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर ठेवले.

मृद्गंध

दोन्ही प्रतिसाद आवडले. एक प्राथमिक शंका विचारते. इंजिन चुकीच्या जागी आहे हे पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळले होते, तर सरळ ते हलवले का नाही? साठ वर्षे त्यावर उपाय शोधत बसण्यापेक्षा नवी गाडी काढणे स्वस्त पडले नसते का?

घाटवाट

मृद्गंध, शंका प्राथमिक नाही. खुद्द पोर्शेच्या वरिष्ठांनाही हाच प्रश्न पडला होता. १९७० च्या दशकात एर्न्स्ट फुरमान प्रमुख असताना पुढे पाण्याने थंड होणारे व्ही-८ इंजिन असलेली ९२८ तयार झाली आणि ९११ ची जागा तिने घ्यावी असे ठरत आले होते. १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुख झाले. अभियांत्रिकी विभागाचे हेल्मुट बॉट यांच्या कार्यालयात एक तक्ता लावलेला होता, त्यात इतर गाड्यांच्या रेघा पुढे चालू होत्या आणि ९११ ची रेघ १९८१ ला संपत होती. शुट्झ यांनी मार्कर उचलून ती रेघ कागद ओलांडून भिंतीवर ओढत नेली, असा प्रसंग सांगितला जातो. ९२८ चे उत्पादन १९९५ मध्ये थांबले; ९११ ची रेघ अजून चालू आहे.

यात भावनेचा भाग आहेच, पण तेवढाच नाही. इंजिन मागे असल्यामुळे पुढे सामान आणि आत दोन लहान का होईना मागच्या जागा मिळतात. इंजिन मध्ये आणले की त्या जागा जातात, आणि ९११ रोज वापरता येणारी स्पोर्ट्स कार राहत नाही.

टर्बोबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर सर्वत्र भरपूर लिहिलेले आहे. १९७५ ची ९३० ही ३ लीटर, २६० अश्वशक्तीची ९११ टर्बो होती (९३०, आणि पुढे येणारे ९६४, ९९३, ९९६, ९९७, ९९१, ९९२ हे ९११ च्याच निरनिराळ्या पिढ्यांचे कंपनीतले क्रमांक). ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नसे आणि मग सगळी ताकद एकदम येत असे. ती जर वळणाच्या मध्यावर आली आणि चालकाने दचकून पाय काढला, तर वर वर्णन केलेला झोका ठरलेलाच. बायकांना विधवा करणारी गाडी असे तिचे टोपणनाव पडले ते उगाच नव्हे. १९७८ मध्ये टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आला, इंजिन ३.३ लीटरचे आणि ३०० अश्वशक्तीचे झाले, आणि ब्रेक ९१७ या स्पर्धेच्या गाडीवरून घेतले गेले. गिअर मात्र १९८९ पर्यंत चारच होते.

खरा पालट १९८९ च्या ९६४ पासून सुरू झाला. दिसायला ती जुनीच वाटत असली तरी तिचे ८५ टक्के भाग नवे होते. टॉर्शन बार जाऊन कॉइल स्प्रिंग आले. एबीएस आणि पॉवर स्टिअरिंग ९११ मध्ये पहिल्यांदा आले. मागचा स्पॉयलर ताशी ८० किलोमीटरला आपोआप वर येऊ लागला. कॅरेरा ४ मध्ये ताकद चारही चाकांना, पुढे ३१ आणि मागे ६९ या प्रमाणात, वाटली गेली. त्यानंतरच्या ९९३ मध्ये मागचे सस्पेन्शन मल्टी-लिंक, म्हणजे प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरणारे, झाले. माझ्या दृष्टीने साठ वर्षांतला हा सर्वांत मोलाचा बदल आहे. आधीच्या सेमी-ट्रेलिंग आर्ममध्ये पाय काढल्यावर मागच्या चाकांचा कोन असा बदलत असे की झोक्याला हातभारच लागे. मल्टी-लिंकमध्ये चाक भाराखालीही आपला कोन बराचसा टिकवून ठेवते. भौतिकशास्त्र तेच राहिले, पण चालकाला चूक दुरुस्त करायला वेळ मिळू लागला.

नेकारकाठ

मी काही वर्षे स्टुटगार्टला राहते (मुंबईचे हे १९६८ पासूनचे भगिनी शहर, ही माहिती इथे फारशी कुणाला नसते). पोर्शेचे संग्रहालय त्सुफेनहाउझेनला कारखान्यासमोरच आहे, पण तिथे गाड्यांना हात लावता येत नाही. मध्यंतरी जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात सुरुवातीच्या काळातली एक ९११ आणि तिच्या बाजूला आजची ९९२ कॅरेरा एस उभी होती. मालकांची परवानगी घेऊन मी दोन्हींच्या मागच्या टायरांवर हात टेकवून पाहिला. जुनीचा टायर १६५ मिलीमीटरचा, माझ्या वितीपेक्षा दोन बोटे कमी भरला, आणि तिच्या पुढच्या टायरांचे मापही तेच होते. नव्या गाडीचा मागचा टायर ३०५ मिलीमीटरचा, म्हणजे दीड वीत, आणि पुढचा २४५. घाटवाट यांचा सगळा लेख मला त्या दोन टायरांमध्ये दिसला.

जुन्या गाडीच्या मालकाने मला शेजारी बसवून एक फेरी मारली. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, तो ब्रेक पूर्ण करून घेत होता, आणि वळणात शिरल्यावर त्याचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर अगदी हलका पण सतत टेकलेला होता. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला की या गाडीत वळणाच्या मध्ये मत बदलायचे नसते.

तिसरा_गिअर

धागा उत्तम आहे, पण मूळ लेखाचा सिद्धांत मला ताणलेला वाटतो. १९९७ ची ९९६ घ्या. ९११ च्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल, हवेऐवजी पाण्याने थंड होणारे इंजिन, याच पिढीत झाला आणि त्याचा शेपटाच्या वजनाशी काहीही संबंध नव्हता. धुराचे व आवाजाचे नियम कडक होत होते, नियम पाळून ताकद वाढवायची तर सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह हवे होते, आणि चार व्हॉल्व्हचे हेड हवेने पुरेसे थंड करणे अवघड असते. पोर्शेला हे आधीच माहीत होते. १९७८ च्या ९३५ या स्पर्धेच्या गाडीत आणि नंतरच्या ९५९ या पोर्शेच्याच गाडीत हेड पाण्यानेच थंड होत होते.

दुसरे कारण पैशाचे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी तोट्यात होती. वेंडेलिन वीडेकिंग यांनी जपानी सल्लागार आणून कारखान्याची घडी बसवली, आणि ९९६ चा पुढचा भाग स्वस्तातल्या बॉक्स्टरशी सामाईक ठेवला. त्या तळलेल्या अंड्यासारख्या दिव्यांवर लोकांनी कितीही नाके मुरडली, तरी ती काटकसर झाली नसती तर आज या धाग्याला विषयच उरला नसता. त्या काटकसरीच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगचा दोष राहिला. ते बेअरिंग फुटले की अख्खे इंजिन जाते. २००८ मध्ये तो शाफ्टच नसलेले नवे इंजिन ९९७ मध्ये आले तेव्हा कुठे तो प्रश्न मिटला. त्याच वेळी डायरेक्ट इंजेक्शन आणि दोन क्लचचा पीडीके गिअरबॉक्स आला. या कोणत्याही बदलामागे शेपूट नाही.

आणि इंजिनाच्या जागेबद्दल म्हणाल, तर २०१७ च्या ९११ आरएसआर या स्पर्धेच्या गाडीत पोर्शेने इंजिन मागच्या ॲक्सलच्या पुढे आणले. म्हणजे जिंकायची वेळ आली तेव्हा कंपनीनेच पन्नासहून अधिक वर्षांचा हट्ट सोडला.

घाटवाट

तिसरा_गिअर, ९९६ बद्दलचे म्हणणे मान्य आहे. पाण्याचे कारण धूर, आवाज आणि पैसा हेच होते, आणि मी ती पिढी सोयीस्करपणे पुढे ढकलली होती हेही खरे. मात्र त्याच ९९६ मध्ये व्हीलबेस २,३५० मिलीमीटर झाला, आणि १९९८ च्या कॅरेरा ४ सोबत पीएसएम आले. शेपूट सुटू लागल्याचे ओळखून हवे ते एकच चाक ब्रेकने धरणारी ही यंत्रणा आहे. तिच्यामुळे पाय काढण्याची चूक पहिल्यांदा जवळजवळ माफ झाली.

आरएसआरचा मुद्दा जोरदार आहे, पण तिथे इंजिन हलवण्यामागे गाडीच्या पोटाखाली मोठा डिफ्यूझर (गाडीखालची हवा मागे मोकळी करून गाडी रस्त्याला दाबून धरणारा भाग) बसवण्यासाठी जागा हवी होती हे मोठे कारण होते. त्यानंतरच्या ९९२ पिढीच्या जीटी३ आर मध्ये इंजिन पुन्हा मागेच आहे; फक्त ते ५.५ अंशांनी तिरपे करून डिफ्यूझरला वाट दिली आहे. हट्ट सुटला असे म्हणण्यापेक्षा काही हंगामांपुरता बाजूला ठेवला होता असे म्हणू.

जुना_फिटर

माझ्या मते २००९ च्या ९९७ जीटी३ मधले इंजिन माउंट या धाग्यात यायलाच हवेत. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असते. रबर मऊ ठेवले तर कंपने आत येत नाहीत, पण वळणात इंजिन डुलते आणि त्या डुलण्याने गाडीही हलते. कडक ठेवले तर दात हलतात. पोर्शेने माउंटमध्ये लोहकण मिसळलेले द्रव भरले, आणि चुंबकीय क्षेत्र दिले की ते घट्ट होते. शांतपणे चालवताना माउंट मऊ, जोरात चालवताना कडक. टांगलेल्या इंजिनाचा डोलारा विजेने धरून ठेवण्याचा हा प्रकार पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ते अकरा-अकरा किलोचे बिडाचे तुकडे आठवले.

मृद्गंध

मग आता ही गाडी कुणालाही चालवता येईल अशी झाली असेल, तर जुन्या गाडीतली ती जाणीव शिल्लक राहिली आहे का? वरचे वर्णन वाचून मला जुनीच जास्त आवडू लागली आहे.

तिसरा_गिअर

नाही राहिली, निदान तितकी नाही. २०११ च्या ९९१ मध्ये हायड्रॉलिक स्टिअरिंग जाऊन विजेच्या मोटरचे आले तेव्हा रस्ता हाताला कळत नाही अशी तक्रार जगभर झाली. २०१३ ची जीटी३ तर फक्त पीडीकेसह आली, हाताने टाकायचे गिअर तिच्यात मिळतच नव्हते. २०१६ मध्ये ९११ आर ही हाताच्या गिअरची गाडी ९९१ नगांपुरती काढली, तेव्हा लोक तिच्यासाठी मागतील ती किंमत मोजायला तयार झाले, आणि पुढच्या जीटी३ मध्ये तो पर्याय परत आला. २०२४ च्या गाडीत मधला काट्याचा टॅकोमीटरही गेला. आता सगळा पडदा आहे.

घाटवाट

इथे मी तिसरा_गिअर यांच्याशी निम्मा सहमत आहे. हाताला कळणे कमी झाले हे खरे. पण ९९१ मध्ये व्हीलबेस १०० मिलीमीटरने वाढून २,४५० झाला, आणि त्यातला मोठा भाग मागचा ॲक्सल इंजिनाच्या तुलनेत मागे सरकवून मिळवला होता. म्हणजे १९६८ चीच युक्ती, पुन्हा एकदा. २०१३ च्या जीटी३ मध्ये मागची चाकेही जराशी वळू लागली, जास्तीत जास्त दीड अंश. ताशी ५० किलोमीटरच्या खाली ती पुढच्या चाकांच्या उलट वळतात आणि ८० च्या वर त्याच दिशेने. वेगात त्याच दिशेने वळणे म्हणजे व्हीलबेस लांब केल्यासारखेच असते. पूर्वी लोखंड कापून जे ५७ मिलीमीटर मिळवावे लागले, ते आता हवे तेव्हा घेता येतात आणि नको तेव्हा परत करता येतात. घाटात आखूड गाडी, महामार्गावर लांब गाडी, असा दुहेरी लाभ जुन्या अभियंत्यांना स्वप्नातही मिळाला नसता.

मृद्गंध, जुनी आवडणे साहजिक आहे. फक्त ती पावसात चालवू नका.

नेकारकाठ

हायब्रिडचा उल्लेख सुरुवातीला झाला, पण पुढे कुणीच त्यावर लिहिले नाही म्हणून मीच लिहिते. २०२४ च्या कॅरेरा जीटीएसमध्ये ३.६ लीटरचे इंजिन एकट्याने ४८५ अश्वशक्ती देते. त्याला दोनऐवजी एकच टर्बो आहे, पण त्या टर्बोच्या दांड्यावर विजेची मोटर बसवलेली आहे, त्यामुळे एक्झॉस्टचा जोर येण्याची वाट न पाहता तो लगेच फिरू लागतो. ९३० मधला तो जीवघेणा उशीर इथे संपला. दुसरी मोटर पीडीकेच्या आत आहे, ४० किलोवॉटपर्यंतची. इंजिनावरचे पट्टे गेल्यामुळे ते ११ सेंटिमीटरने बुटके झाले, आणि त्या मोकळ्या जागेत विजेची उपकरणे बसली. आधीच्या जीटीएसपेक्षा वजन ५० किलोने वाढले, तरी नुर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या शर्यतीच्या मार्गावरची फेरी ८.७ सेकंदांनी कमी होऊन ७ मिनिटे १६.९ सेकंदांवर आली.

या सगळ्या विजेसाठी १.९ किलोवॉट-तासाची बॅटरी लागते, आणि तिचे वजन २७ किलो आहे. विजेचा सगळा कारभार मागे असताना ती मात्र नाकाकडे, जिथे पूर्वी १२ व्होल्टची बॅटरी असे त्या जागी बसवली आहे. १९६८ मधल्या त्या दोन बॅटऱ्याही तिथून हातभर अंतरावरच होत्या.